हात लावून घेतलेला ट्रायपॉड

"ही लेन्स मुजावरांना देऊन टाक. त्यांच्या दुकानात असल्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं."

आत्या असं म्हणाल्या तेव्हा मी चपात्या लाटत होते. त्यांनी लेन्सची काळी पिशवी ओट्यावर कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवली आणि जणू गॅसचा नंबर लावायला सांगितल्यासारख्या निघून चालल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजीकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. नाव हेमलता सरनोबत. मुलींच्या शाळेत जन्मभर शास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर जे पैसे हातात आले त्यातून ही लेन्स घेतली. त्यावरून नात्यात केवढा गहजब झाला होता! बायका पाटल्या करतात, कुणी काशीयात्रा करतं, आणि ह्यांनी दुधी भोपळ्याएवढी जड लेन्स घेतली, तीसुद्धा किडे-मुंग्यांचे फोटो काढायला. आत्यांना त्याचं काही नव्हतं. आमच्या परसात एक लिंबाचं झाड, एक कढीपत्ता आणि मोडकी मोरी. एवढ्या जागेत त्यांनी कोळी, तुडतुडे, मुंग्या, चतुर असं सगळं गाव गोळा केलं होतं. खसखशीच्या दाण्याएवढा जीव त्या लेन्समधून टरबुजाएवढा दिसायचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी घाबरले होते, नंतर मलाच नाद लागला.

"का विकायची?" मी लाटणं हातात घेऊनच त्यांच्या मागं गेले.

"काल दुपारभर काढले. एक धड आला नाही." त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. "माझ्यानं आता होत नाही, ऊर्मिला. उगीच कशाला ओढायचं?"

त्यांचे हात कापायला लागून वर्ष उलटलं होतं, उजवा जरा जास्तच. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखा आजार नाही, नसांचा कंप आहे, गोळीनं थोडा कमी होईल पण जाणार नाही. घाबरण्यासारखं नाही हे डॉक्टरांना म्हणायला सोपं. आत्यांनी भिशीला जाणं सोडलं, कारण तिथं हातात कप घ्यावा लागतो. लग्नाकार्यात अक्षता टाकून लगेच परत यायच्या. घरात मी आणि माझा नवरा धैर्यशील, एवढ्या दोघांनाच ते माहीत होतं. हात सदा पदराखाली. ज्या बाईनं चाळीस-चाळीस मुलींसमोर छातीठोक बेडूक फाडून दाखवला, ती बाई कप धरायला लाजत होती, याचा मला संताप यायचा. संताप कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून धैर्यशीलवर काढायचे.

आणि हे सगळं नेमकं चुकीच्या वेळी आलं होतं. आदल्या दिवशी लिंबावर काळं-पिवळं फुलपाखरू येऊन कोवळ्या पानावर अंडं घालून गेलं होतं. ते तीन-चार दिवसांत फुटतं. आत्यांनी अळीचे फोटो काढले होते, कोषाचे काढले होते, कोषातून ओलं फुलपाखरू बाहेर येतानाचे काढले होते. पण अंडं फोडून अळी डोकं बाहेर काढते, तो क्षण त्यांना कधीच मिळाला नव्हता. एकदा पाऊस आला, एकदा मुंग्यांनी अंडं पळवलं, एकदा नेमका त्याच वेळी दारात सिलिंडरवाला आला. गेली कितीतरी वर्षं त्या एवढ्या एका फोटोच्या मागं होत्या.

मी चपात्यांचा गॅस बंद केला आणि तणतणत परसात गेले. जुना ट्रायपॉड लिंबाखाली उभा होता. पानाच्या देठाला कपड्याचा चिमटा लावून तो एका रोवलेल्या काठीला बांधला होता. वाऱ्यानं पान हलू नये म्हणून आत्यांची ही नेहमीची युक्ती. मी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, लेन्स बसवली, स्क्रीनवर अंडं आणलं, नेम धरून ट्रायपॉडच्या डोक्याचा चाप आवळला, हात काढला.

अंडं हळूच वर सरकलं आणि चित्राबाहेर गेलं.

पुन्हा खाली आणलं, पुन्हा आवळलं. पुन्हा लेन्सनं मान टाकली. जरा वर नेम धरून एकदाचं अंडं मध्यावर आणलं आणि बटण दाबलं. फोटोत पिवळा पसारा. कुणी हळदीचं बोट पुसावं तसा.

"आत्या! अहो आत्या, इकडं या!"

त्या आल्या. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. "हा फोटो मी काढलाय. माझा हात हलतो का सांगा बघू? सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते मी."

त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "तुझाही हलला?"

"हलला की!"

"म्हणजे अगदीच?"

"अगदीच!"

सुनेची फजिती झाल्यावर एखाद्या सासूला इतका आनंद व्हावा, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी ट्रायपॉडचा एक पाय हलक्या पायानं ढकलून बघितला. कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून आलेला तो ट्रायपॉड, साध्या कॅमेऱ्याला ठीक होता. त्याच्या डोक्यावर ही लेन्स म्हणजे शिडशिडीत माणसाच्या डोक्यावर गव्हाचं पोतं.

"म्हणजे सगळा दोष हाताचाच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"लेन्स विकायची नाही," मी म्हटलं. "ट्रायपॉड घ्यायचा. उद्याच."

रात्री जेवताना धैर्यशीलनं नको तिथं तोंड घातलं. "आई, टायमर लाव ना. बटण दाबून बाजूला व्हायचं."

"अळी माझ्या टायमरवर बाहेर येणार आहे का?" आत्या म्हणाल्या. "आणि बटणाचं सोड, वायर लावूनही दाबता येतं. पण लेन्सच्या फोकसच्या कड्यावर हात ठेवावाच लागतो. अळीनं डोकं केसभर पुढं काढलं की नेम केसभर पुढं न्यावा लागतो. हात लावल्याशिवाय हे काम होत नाही."

"मग मी लावतो हात."

"मग फोटो तुझा झाला," आत्या म्हणाल्या, आणि त्यानं गप भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला निघताना आत्यांनी एकच अट घातली. "दुकानात माझ्या हाताचं काही बोलायचं नाही. मुजावरांशीसुद्धा नाही. कबूल?"

मी कबूल केलं, आणि तिथंच सगळी मेख होती.

मुजावरांचं कॅमेऱ्याचं दुकान लहानसं, पण कोल्हापुरातले सगळे फोटोवाले तिथं टेकलेले असायचे. लग्नवाले, बारशावाले, कुस्तीच्या मैदानावाले. मुजावर स्वतः गोरे, गोल, कायम घामेजलेले आणि बोलायला एक नंबर.

"या या बाई! या वैनी! लई दिसांनी. लेन्स कशी हाय आमची?"

"लेन्स चांगली आहे," आत्या म्हणाल्या. "तिला पाय हवेत."

काउंटरशी डॉक्टर पोवार उभे होते. डोळ्यांचे डॉक्टर, आठवडाभर मोतीबिंदू काढायचे आणि रविवारी पक्ष्यांच्या मागं राधानगरीच्या रानात फिरायचे. कुणी न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "ट्रायपॉड? कार्बनचा घ्या. डोळे झाकून घ्या. मी तोच वापरतो. एका बोटावर उचलतो!"

"डोळे झाकून कसा घेऊ, डॉक्टर?" आत्या म्हणाल्या. "तुम्हीच चष्मा दिलाय मला."

आत्या तयारीनं आल्या होत्या. पर्समधून त्यांनी एक फुटपट्टी काढली. तिच्यावर गोंदानं खसखशीचा एक दाणा चिकटवला होता. आमच्या लिंबावरचं फुलपाखराचं अंडं साधारण एवढंच आहे, असं त्यांनी मुजावरांना सांगितलं. फुटपट्टी त्यांनी मुजावरांच्या टेबलाला चिमट्यानं लावली. "ह्या दाण्यावर कॅमेरा लावायचा. स्क्रीनवर दाणा मोठा करून बघायचा. हात लावला तरी दाणा जागेवर राहिला पाहिजे. बाकी पेट्यांवर काय छापलंय ते मला सांगू नका."

मुजावरांनी एकेक ट्रायपॉड काढायला सुरुवात केली. कॅमेरा लावायचा कुणी, तर मी. कड्याला हात कुणी लावायचा, तर मी. आत्या मागं खुर्चीवर, उजवा हात पदराखाली. पहिला ट्रायपॉड दिसायला देखणा, मधला दांडा वर काढला की माणसाच्या उंचीचा व्हायचा. त्यानं लेन्स बसताच मान टाकली. आत्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दुसरा जरा बरा होता, पण बटण दाबताना दाणा दचकायचा. तिसरा डॉक्टर पोवारांचा लाडका कार्बनचा. मी लेन्स लावली, चाप आवळला, कड्याला हात लावला. दाणा जागेवर. कडं फिरवलं, दाणा स्पष्ट झाला. बटण दाबलं. फोटोत खसखशीच्या दाण्यावरची जाळीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

"बघा!" पोवार म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

"एक लंबर!" मुजावरांनी टाळी वाजवली. "बांधू काय वैनी?"

मला तर नाचावंसं वाटत होतं. हलका, आत्यांना उचलता येईल असा, दाणा हलला नाही. मी घासाघीसही करून टाकली, त्यात माझा हात कुणी धरत नाही. मुजावरांनी पेटी शोधायला घेतली. समोरच्या टपरीवरून चहा आला. सगळ्यांनी कप उचलले, आत्या म्हणाल्या, "मला नको, पित्त होतं." त्यांना आयुष्यात कधी पित्त झालं नव्हतं. मी कपात बघत चहा प्यायले.

पेटी सापडली. मुजावर ट्रायपॉडचे पाय मिटवायला वाकले.

"थांबा, मुजावर," आत्या म्हणाल्या.

त्या उठल्या. टेबलापाशी आल्या. स्क्रीनवर खसखशीचा दाणा अजून तसाच होता, शांत, गोल. आत्या क्षणभर त्याच्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी पदराखालून हात काढला.

मी मनातल्या मनात 'आत्या, नको' म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मलाही लपवायची सवय लागली होती.

हात थरथरत पुढं गेला. दुकानात पाच-सहा जण होते, सगळ्यांना दिसला. तो लेन्सच्या कड्यावर टेकला मात्र, स्क्रीनवरचा दाणा तापल्या कढईतल्या लाहीसारखा उडायला लागला. वर, खाली, चित्राबाहेर, पुन्हा आत.

पोवारांनी कप खाली ठेवला.

"हा ट्रायपॉड हाच हात वापरणार आहे," आत्या म्हणाल्या. आवाज शाळेतला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ऊर्मिलाचा हात घेऊन ट्रायपॉड निवडला, तर तो ऊर्मिलाचा ट्रायपॉड झाला. चूक माझीच. प्रयोगच चुकीचा मांडला."

माझं तोंड उतरलं असणार. आता मुजावर 'अरेरे' म्हणतील, पोवार गोळीचं नाव विचारतील, आत्या पिशवी उचलतील आणि लेन्स खरंच विकली जाईल, एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

मुजावर स्क्रीनकडं बघत होते. मग आत्यांच्या हाताकडं. मग पुन्हा स्क्रीनकडं. त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला की काय सांगू.

"आयला!" ते म्हणाले. "माफ करा बाई, तोंडातनं गेलं. पर किती वरसं मी ट्रायपॉड इकतोय, हलतोय का न्हाय बघायला टेबलावर बुक्क्या हाणतोय, पायानं ढोसतोय, फुका मारतोय. त्यातलं कायबी खरं न्हवं. खरं कळतंय ते ह्यात!" त्यांनी बोट दाखवलं ते सरळ आत्यांच्या हाताकडं. "हितं लबाडी चालत न्हाय. बाई, बसा. सगळंच खाली काढतो. जेवढं हायत तेवढं!"

आणि त्यांनी खरोखर सगळे काढले. फळ्यांवरचे, काचेतले, गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेलेसुद्धा. दुकानात ट्रायपॉडचं रान उभं राहिलं. आत्या खुर्ची पुढं ओढून बसल्या, पदर खोचला आणि एकेकाला हात लावत गेल्या. मी लेन्स चढवायची, त्या हात टेकवायच्या, दाणा उडाला की "नापास" म्हणायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे जपून हसले. नंतर आत्याच हसायला लागल्या, तेव्हा दुकान मोकळं झालं. एक लग्नवाला फोटोग्राफर दारातून आत आला, त्याला कुणीतरी सांगितलं, "गप उभा ऱ्हा, परीक्षा चालल्या."

आणि आत्यांमधली शिक्षिका जागी झाली. "बघा हं. हा मधला दांडा वर काढला की दाणा जास्त नाचतो. खाली बसवला की कमी. म्हणजे दांडा नकोच. ह्याचे पाय बघा, खालचा तुकडा करंगळीएवढा. तिथंच कंप भरतो. आणि ह्याचे पाय जाड आहेत, पण डोकं ढिलं. पाय कितीही चांगले असले तरी डोकं ढिलं असून चालत नाही."

"घरात पण तेच," लग्नवाला म्हणाला.

"तू मागं जा," आत्या म्हणाल्या, आणि तो खरोखर एक पाऊल मागं सरकला.

मुजावरांनी दुकानभर नजर फिरवली. कपाळावर हात मारला. "एक ऱ्हायला! माळ्यावर हाय. मुंबईच्या शूटिंगवाल्यांनी मागिवला हुता, न्यायला आलंच न्हाईत. त्याला कोण बघतबी न्हाय, लई जड हाय त्यो."

लग्नवाला आणि मुजावर दोघांनी मिळून तो खाली उतरवला. रंग उडालेला, पाय मनगटाएवढे, मधला दांडा नाहीच. पाय फाकवले की तो जमिनीपासून टीचभर उंचीपर्यंत खाली बसायचा. त्याच्या डोक्याला तीन गोल चक्र्या होत्या, आत दाते. चक्री फिरवली की लेन्स केसभर सरकायची आणि सोडली की तिथंच थांबायची. मान टाकणं हा प्रकारच नाही. मी लेन्स बसवली. तिच्या पोटाला जो धरायचा पट्टा असतो तोच ट्रायपॉडवर आवळला, म्हणजे वजन मध्यावर आलं.

आत्यांनी हात पुढं केला. कड्यावर टेकवला.

दाणा एकदा थरारला. मग थांबला.

आत्यांचा हात कापत होता, मला दिसत होतं, बांगड्या किणकिणत होत्या. दाणा थांबलेला. त्यांनी कडं फिरवलं. दाण्यावरची जाळी हळूहळू उमटत गेली. त्यांनी दुसराही हात ठेवला. दाणा तसाच. मग डाव्या हातानं चक्री फिरवली, दाणा नेमका मध्यावर आणला, उजव्या हातानं बटण दाबलं.

मुजावरांनी फोटो मोठा केला. आम्ही सगळ्यांनी डोकी एकत्र करून बघितलं.

"पास?" मुजावरांनी विचारलं.

"पुन्हा एकदा बघते," एवढंच आत्या म्हणाल्या. पुन्हा एकदा बघितलं. पुन्हा एकदा. तीच गंमत लहान मूल परत परत करतं तशा त्या हात काढत होत्या, ठेवत होत्या, आणि दाणा आपला जागेवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानात सगळ्यांसमोर रडले मी, त्यात लाजायचं काय?

"पास," आत्या म्हणाल्या. "विशेष प्रावीण्यासह."

मग जो गलका झाला! मुजावरांनी पुन्हा चहा सांगितला. आत्यांनी तो घेतला, निम्मा बशीत, थोडा टेबलावर, उरलेला पोटात. मुजावरांनी बोलता बोलता फडक्यानं टेबल पुसलं.

डॉक्टर पोवार मधल्या वेळात गायब झाले होते. परत आले ते स्वतःचा ट्रायपॉड काखेत मारून, गाडीतून काढून आणलेला. जरा घुटमळले. मग म्हणाले, "बाई, माझ्या ट्रायपॉडला जरा हात लावता का?"

आत्यांनी हात लावला. खसखशीच्या दाण्यानं उंच उडी मारली.

"अरे देवा," पोवार म्हणाले. "म्हणजे मागच्या हिवाळ्यात तो धनेश... मी सगळ्यांना सांगतोय, पक्षी उडाला म्हणून फोटो हलला."

"पक्षी बसलाच हुता, डॉक्टर," मुजावर म्हणाले. "उडाला त्यो ट्रायपॉड."

पोवार इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

बिल करताना मला शंका आली. मी तो ट्रायपॉड एका हातानं उचलून बघितला, उचलेना. दोन्ही हातांनी उचलला तर कंबर बोलली. "आत्या, हा तुम्हाला उचलायचा कसा? तुम्हाला काही काढायचं असलं की मला हाक मारा, मी आणून ठेवत जाईन."

"आणि तू ऑफिसला गेल्यावर? किड्यांना रजा द्यायची?"

"मग कसं?"

"मी उचलणारच नाही," आत्या म्हणाल्या. "लिंबाचं झाड कुठं उचलते मी? ते उभं आहे, हा पण उभा राहील. त्याच्याजवळ मी जाईन. किडे आपणहून येतात."

तसंच झालं. धैर्यशीलनं संध्याकाळी तो परसात नेऊन उभा केला. नवीन वस्तू म्हणून मी त्याच्या तिन्ही पायांना हळदकुंकू लावलं. चौथा पाय शोधत धैर्यशील दोनदा त्याच्याभोवती फिरला, आणि आत्यांनी त्याला शास्त्र समजावून सांगितलं की तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं, विश्वास नसेल तर आपलं डायनिंग टेबल बघ. पावसासाठी वर जुनी छत्री बांधली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "हे काय गं, लिंबाला दृष्ट लागू नये म्हणून का?" आत्यांनी त्यांना आत बोलावलं, स्क्रीनवर अंडं दाखवलं आणि हात कड्यावर ठेवूनच दाखवलं. काकूंनी हात बघितला, अंडं बघितलं, आणि मोठ्यांदा विचारलं, "ह्यातनं किती पिल्लं निघतात?"

अंडं काळवंडत गेलं. रविवारी सकाळी, मी पोहे भिजवत असताना, आत्या परसातून ओरडल्या नाहीत. त्या कधी ओरडायच्या नाहीत. त्यांनी नुसतं "ऊर्मिला" म्हटलं, हळू, जणू मोठ्यानं बोललं तर आतली अळी घाबरेल. मी हात पुसत बाहेर आले. धैर्यशील बनियनवरच आला. आम्ही दोघं त्यांच्या मागं, पायरीवर श्वास धरून उभे राहिलो.

स्क्रीनवर अंडं पाण्यासारखं पारदर्शक झालं होतं आणि आत काहीतरी काळं वळवळत होतं. मग कवचाला एक फट पडली. फटीतून काळं, चकचकीत, केसाळ डोकं बाहेर आलं. आत्यांचा डावा हात चक्रीवर, उजवा कड्यावर. बांगड्या वाजत होत्या. डोकं पुढं आलं की आत्या कडं केसभर फिरवायच्या, बटण दाबायच्या. पुन्हा केसभर. पुन्हा बटण. अळी अर्धी बाहेर आली, दमली, थांबली, आणि मग अख्खी बाहेर येऊन उलटी फिरली आणि आपलंच कवच कुरतडायला लागली.

"नाश्ता," आत्या पुटपुटल्या, आणि त्याचाही फोटो काढला.

आणि नेमका तेव्हाच घरात फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. मी पळत आत गेले. मुजावर होते.

"वैनी, बाई हायत का? नवा माल उतरलाय. बाईंनी हात लावल्याबिगर काय मी दुकानात लावत न्हाय आता. कवा येत्यात इचारा."

"आत्ता नाही बोलता यायचं त्यांना," मी कुजबुजले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली. "फोटो काढताहेत."

"अंडं फुटलं?" मुजावरांचाही आवाज खाली आला.

"फुटलं."

"बरं येतंय? हात हलतोय काय?"

"हलतोय की," मी म्हटलं. "हात तेवढा हलतोय."